ओठांवरचा होकार



१४१५ सालची गोष्ट आहे. कॉन्स्टन्स या सरोवराकाठच्या शहरात ख्रिस्ती धर्माची मोठी परिषद भरली होती. बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशाचा, यान हुस नावाचा धर्मोपदेशक तेथे कैदेत होता. एक विद्वान त्याची समजूत घालायला आला. तो म्हणाला की, तुला दोन डोळे असले तरी परिषदेने एकच आहे असे ठरविल्यास 'होय, एकच आहे' असे म्हणणे तुझे कर्तव्य आहे. हुसने उत्तर दिले की, सारे जग तसे म्हणाले तरी बुद्धी शाबूत असेपर्यंत मला माझ्या विवेकाविरुद्ध तसे म्हणता येणार नाही. हा प्रसंग त्याने स्वतःच तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात नोंदविला आहे.

हुस गरिबाघरचा. १४०२ पासून तो प्राग शहरातील बेथलेहेम प्रार्थनागृहात उपदेश करी, तोही लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या चेक भाषेत. पैसे घेऊन पापमुक्तीची पत्रे विकण्याचा धंदा तेव्हा जोरात होता. हुसने त्यावर कोरडे ओढले. पुरोहितांच्या पोटावर पाय आला की त्यांना शास्त्र आठवते, हे तुम्हाला सांगायला नको. राजा सिगिस्मुंड याने अभय दिले म्हणून हुस परिषदेला गेला, आणि काही आठवड्यांतच तुरुंगात पडला.

परिषदेने त्याच्याकडे मागितले तरी काय? 'माझी ही मते चुकीची होती, मी ती सोडतो' एवढेच शब्द. प्राण वाचले असते. हुसचे म्हणणे असे की, यातील कित्येक मते मी कधी धरलीच नव्हती. जे धरले नाही ते सोडले असे म्हणणे ही खोटी शपथ होईल. ६ जुलै १४१५ रोजी त्याला जिवंत जाळले आणि राख ऱ्हाईन नदीत टाकली. पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो. ते एवढे महागही पडू शकते!

हा लेख येथेच थांबविला तर काम सोपे होईल. हुतात्म्याची कथा सांगायची, वाचकाने मान डोलवायची आणि आपापल्या घरी जायचे. पण हुसचा एक मित्र होता, प्रागचा येरोनीम. मोठा विद्वान, अनेक विद्यापीठे फिरलेला. तोही तुरुंगात पडला. हुसला जाळल्यावर दोन महिन्यांनी, सप्टेंबरात, येरोनीमने हार मानली आणि हवे ते शब्द उच्चारले. तरी त्याला सोडले नाहीच. पुढे मे १४१६ मध्ये तो परिषदेपुढे उभा राहिला आणि म्हणाला की, मी दिलेला कबुलीजबाब हेच माझे सर्वांत मोठे पाप होय. ३० मे रोजी त्यालाही जाळले. खरे सांगतो, मला हुसपेक्षा येरोनीम जवळचा वाटतो. तो घाबरला होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मनात एक आणि ओठांवर दुसरे, असे जगणाऱ्याला आपण काय म्हणावे? भित्रा? लबाड? की केवळ जगू पाहणारा?

हुसच्या मृत्यूनंतर चेक लोक पेटून उठले, लढाया झाल्या, आणि पुढे दोनशे वर्षे रोमच्या पोपला न मानणारे पंथ त्या देशात नांदले. मग ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या 'पांढऱ्या टेकडी'वर त्यांचा पराभव झाला. हाब्सबुर्ग राजाने १६२७ मध्ये नवा कायदा केला. बोहेमियात यापुढे एकच धर्म, कॅथॉलिक. सरदारांना आणि शहरवासीयांना दोन वाटा होत्या: धर्म बदला किंवा देश सोडा. कोमेन्स्की हा जगप्रसिद्ध शिक्षणशास्त्रज्ञ १६२८ मध्ये देश सोडून गेला आणि १६७० साली परदेशातच वारला.

पण खेड्यातल्या कुळांना दुसरी वाट नव्हतीच. ती जमिनीला बांधलेली. मालकाच्या परवानगीवाचून गाव सोडायची सोय नाही. देशत्याग हासुद्धा ज्याच्यापाशी काही आहे त्यालाच परवडणारा त्याग असतो! इतिहासाच्या पुस्तकांत निघून गेलेल्यांची नावे असतात, मागे राहिलेल्यांची नसतात. त्यांतल्या पुष्कळांनी नवा धर्म खरोखर आपलासा केला. बाकीच्यांनी काय केले? रविवारी कॅथॉलिक देवळात जाऊन गुडघे टेकले आणि रात्री दारे लावून आजोबांच्या वेळचे चेक भाषेतले बायबल वाचले. असे ग्रंथ शोधून जाळण्यासाठी पाद्री गावोगाव फिरत. अशा वेळी घरची बाई ग्रंथ पावाच्या कणकेत लपवून भट्टीत ठेवी, असे तिकडे आजही सांगतात.

हे एका पिढीचे नव्हे. दीडशे वर्षे, पाच-सहा पिढ्या! विचार करा, त्या घरातील मुलाला आईबापांना काय शिकवावे लागले असेल. घरात हे बोल, बाहेर ते बोल. ज्या मुलाला सत्य शिकवायचे त्यालाच आधी लपवाछपवी शिकवायची. मी त्या आईला खोटारडी म्हणणार नाही. तिच्या जागी मी असतो तर कणिक तरी धड मळली असती की नाही, कोण जाणे.

मात्र लपविण्याची किंमत पडतेच. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी सम्राट जोसेफ दुसरा याने सहिष्णुतेचा हुकूम काढला. लूथरपंथी, कॅल्विनपंथी आणि ऑर्थोडॉक्स, या तिघांना पूजेची मुभा मिळाली. तीही कशी? प्रार्थनागृहाला मनोरा नको, घंटा नको, दरवाजा हमरस्त्यावर नको. माणसे अधिकाऱ्यापुढे जाऊन नावे नोंदवू लागली, आणि काही वर्षांत ती संख्या सत्तर हजारांवर गेली. पण त्यांना शिकविणारा एकही चेक धर्मोपदेशक देशात उरला नव्हता. हंगेरीतून उपदेशक बोलवावे लागले, आणि त्यांतल्या काहींना चेक भाषा पहिल्यापासून शिकावी लागली. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या अंधारात जपलेली श्रद्धा आता यांपैकी कोणत्याच चौकटीत नीट बसेना. आम्ही ना लूथरचे ना कॅल्विनचे, असे काहींनी खरे तेच सांगितले. त्यांना शिक्षा झाली. कित्येकांना हद्दपार करून साम्राज्याच्या दूरच्या टोकांना धाडले.

याच देशात हा प्रश्न आपल्या काळात पुन्हा उभा राहिला. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. पुढे कम्युनिस्ट पक्षातील माणसांना एकेकाला बोलावून विचारले गेले, फौजा आल्या हे तुम्हाला मान्य आहे ना? 'होय' म्हणण्यावर नोकरी आणि मुलांचे शिक्षण अवलंबून. तीन लाखांवर लोक पक्षाबाहेर गेले. प्राध्यापक बॉयलरमध्ये कोळसा टाकू लागले, खिडक्या पुसू लागले.

नाटककार वात्स्लाव हावेल याने १९७८ मध्ये एका निबंधात भाजीवाल्याचे उदाहरण घेतले. हा भाजीवाला कांदे-गाजरांच्या मधोमध 'जगातील कामगारांनो, एक व्हा' अशी पाटी लावतो. त्याचा त्यावर विश्वास आहे का? त्याने विचारच केलेला नाही. पाटीचा खरा अर्थ एवढाच की, मी आज्ञाधारक आहे, मला सुखाने राहू द्या. पण तसे उघड लिहायला सांगितले तर त्याला लाज वाटेल.

हावेल भाजीवाल्याशी जरा कठोर वागतो, असे मला वाटते. त्यालाही पोरेबाळे असतील. (हावेलने स्वतः मद्याच्या कारखान्यात पिंपे ढकलली होती आणि पुढे तो चार वर्षे तुरुंगात राहिला, तेव्हा त्याला कठोर होण्याचा हक्क आहे.) तरीही भाजीवाला आणि ते बायबल लपविणारे कूळ, या दोघांत मला फरक दिसतो. दोघांच्याही ओठांवर होकार आहे. पण कुळाच्या भट्टीत काहीतरी आहे. भाजीवाल्याची भट्टी रिकामी आहे. त्याला लपवावे असे काही उरलेलेच नाही, म्हणून पाटी लावताना त्याचा हातही अडखळत नाही.

त्या वर्षांत प्रागमध्ये काही घरांतल्या भट्ट्या मात्र भरलेल्या होत्या. बंदी घातलेली पुस्तके माणसे टंकलेखन यंत्रावर कार्बन कागद लावून उतरवीत आणि हातोहात पोहोचवीत. यान पातोच्का या तत्त्ववेत्त्याला विद्यापीठातून दूर केले होते. तो लोकांच्या घरी जाऊन, बैठकीच्या खोलीत तत्त्वज्ञान शिकवी. जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' हे निवेदन निघाले. सरकारने स्वतः मान्य केलेले मानवी हक्क पाळावेत, एवढीच त्यातली मागणी. पातोच्का त्याच्या तीन प्रवक्त्यांपैकी एक झाला. वय एकोणसत्तर. पोलिसांनी त्याची तासन्‌तास चौकशी केली. १३ मार्च रोजी तो रुग्णालयात वारला.

प्रागच्या ब्रेव्हनोव्ह भागातील दफनभूमीत त्याला मूठमाती दिली. वर पोलिसांचे हेलिकॉप्टर घिरट्या घालीत होते, शेजारच्या मैदानावर मोटारसायकली मुद्दाम गुरगुरत होत्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा पोलीस टिपून घेत होते. थडग्यापाशी काय बोलले गेले ते ऐकू येत नव्हते. लोक उभे होते.