वगळून केलेला गौरव

आमच्या कोळवण खोऱ्यात पाऊस एकदा लागला की हटत नाही, भातखाचरं तुडुंब भरतात. याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, दौंडच्या वाटेवर केडगाव लागतं. तिथे पावसाची वाट पाहण्यातच वर्ष सरतं. अशा माळावर पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली गोळा करून आणल्या. त्या मुलींचं घर म्हणजे ‘मुक्ती’. रमाबाईंचे स्वतःचे आई-वडील दुष्काळातच गेले, तेव्हा त्यांना विशीही लागली नव्हती. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

या बाईंचं कौतुक आपण दोन तऱ्हांनी करतो. एक पंगत म्हणते, विदुषी खरी, पण बाटली. दुसरी, स्वतःला पुरोगामी म्हणवणारी, ‘धर्म हा त्यांचा खासगी मामला’ म्हणून विषय मिटवते. मला दुसरी पंगत जास्त खटकते. पहिली निदान रमाबाईंचा धर्म पाहते तरी!

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तिथल्या धर्माधिकाऱ्यांशीही वाद घातला. ज्या बुद्धीनं शास्त्र्यांना प्रश्न विचारले, तिनंच बिशपांनाही विचारले. धर्मांतरावरून टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. ख्रिस्त त्यांनी स्वीकारला तो स्वतः पारखून, कुणाच्या आज्ञेवरून नव्हे.

रमाबाईंनी विधवांसाठी १८८९ साली मुंबईत सुरू केलेलं शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. तिथे धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही, असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, पण दार बंद करत नसत. मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं झोड उठवली, १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींना विश्वासानं पाठवणाऱ्यांचा संताप मला खोटा वाटत नाही. दिलेल्या शब्दाला उघडं दार कितपत धरून होतं, हा प्रश्न रास्तच होता. पण त्या विधवांना शिकवायला, सांभाळायला तेव्हा किती घरं उघडी होती, हेही विचारायला हवं. शारदासदनच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी त्याच १८९३ साली लग्न केलं. कोळवणहून पौडमार्गे पुण्यात शिरताना कर्व्यांचं हिंगणं जवळच राहतं. तिथल्या स्त्रीशिक्षणाच्या कामाचं एक मूळ रमाबाईंच्या घरात आहे, हे फार जणांच्या ध्यानी येत नाही.

केडगावात नुसतं अन्नछत्र नव्हतं. मुली शेती करत, विणत, छापखान्यात खिळे जुळवत. अंध मुलींसाठी ब्रेल होती. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ बायबल साध्या मराठीत आणलं, बेताचं शिकलेल्या बाईलाही वाचता यावं म्हणून. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या.

दुष्काळातल्या पोरीला उचलून आणणं, तिच्या हाती धंदा देणं आणि तिच्यासाठी बायबल मराठीत आणणं ही रमाबाईंच्या लेखी एकच सेवा होती. आपल्याला ख्रिस्त मान्य असो वा नसो, त्याला वगळून केलेला गौरव रमाबाईंचा ठरत नाही. तो आपल्या सोयीचा ठरतो.