फोटो हलला की फोकस चुकला?

चि. भाचीस,

मुंजीचे तू ड्राइव्हवर टाकलेले फोटो मोठ्या पडद्यावर, पूर्ण आकारात उघडून पाहिले. बहुतेक छान आलेत. जे बिघडलेत ते नेमके मोक्याचे आहेत, म्हणून तुला हळहळ वाटतेय, हे मला कळतं. पण ऑटोफोकस गेलाय, कॅमेरा सर्व्हिसला टाकते नाहीतर विकून मिररलेस घेते, असं जे लिहिलं आहेस, त्यातलं काहीही इतक्यात करू नकोस.

कारण सांगतो. तुझे फोटो अधूनमधून बिघडतात, आणि बिघडतात तेही वेगवेगळ्या तऱ्हेने. यंत्राची बसणीच चुकलेली असती तर ती चूक दर वेळी आणि एकाच बाजूला दिसली असती. सगळ्या फोटोंचा फोकस थोडा पुढे, नाहीतर सगळ्यांचा थोडा मागे. चार फोटो लख्ख आणि पाचवा धूसर, असं होतं तेव्हा बहुधा कॅमेरा बिघडलेला नसतो. तुझ्याऐवजी त्याने काहीतरी ठरवून टाकलेलं असतं. काय ठरवलं, ते त्या वाया गेलेल्या फोटोतच दिसतं. म्हणून असे फोटो लगेच पुसू नकोस, आधी नीट वाच.

भिक्षावळीचा फोटो उघड. बटूचा चेहरा धूसर आहे. आता चेहरा सोडून दे आणि बाकीची चौकट सावकाश बघ. डावीकडून भिक्षा घालायला पुढे आलेला हात आहे ना, त्याच्या जवळ आलेल्या पदराच्या काठातली जरीची तार न् तार मोजता येते. बांगड्यांवरची चमकही स्वच्छ आहे. म्हणजे फोकस झालाय, आणि अगदी अचूक झालाय, फक्त नको तिथे. या फोटोच्या वेळी तुझ्या कॅमेऱ्यात फोकस पॉइंट आपोआप निवडायची सोय चालू होती. ती चालू असली की कॅमेरा बहुतेक वेळा जे सर्वांत जवळ आणि ज्यात उठाव जास्त, तेच धरतो. जरीचा काठ जवळ होता आणि झगमगत होता. बटू मागे होता, आणि त्याच्या अंगावर पांढरं उपरणं होतं. मुंज कोणाची आहे हे कॅमेऱ्याला माहीत नसतं, ते तू त्याला सांगायचं. मेनूत जाऊन एकच पॉइंट निवड आणि सध्या तो मधला ठेव. सुरुवातीच्या किमतीच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये मधला पॉइंटच काय तो उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही रेघा ओळखतो. कडेचे पॉइंट एकाच दिशेच्या रेघांवर चालतात, आणि म्हणूनच कार्यालयातल्या अपुऱ्या उजेडात चाचपडत बसतात.

आत काय घडतं ते एकदा समजून घे, म्हणजे मेनूतले शब्द पाठ करावे लागणार नाहीत. लेन्समधून आलेल्या उजेडाचा काही भाग मुख्य आरशाच्या मागच्या छोट्या आरशावरून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या वेगळ्या सेन्सरवर जातो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या दोन प्रतिमा तिथे ताडून पाहिल्या जातात. त्या एकमेकींपासून किती आणि कुठल्या बाजूला सरकल्या आहेत, यावरून लेन्स किती फिरवायची हे ठरतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पण ताडून बघायला काहीतरी रेघ लागते, कड लागते. कोऱ्या पांढऱ्या उपरण्यावर ती नसते. भुवईत, पापणीत, कपाळावरच्या गंधात असते. पॉइंट तिथे टेकव.

आमच्या वेळी ही भानगड नव्हती, कारण फोकसची रिंग हातानेच फिरवावी लागे. १९७७ मध्ये कोनिकाने पहिला ऑटोफोकस कॅमेरा सर्वसामान्य बाजारात आणला, आणि १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आल्यावर एसएलआरमध्येही हे काम मोटर करू लागली. सोय मोठी झाली, त्यात वादच नाही. धावणाऱ्या पोराचा फोटो हाताने फोकस करून बघ, म्हणजे कळेल. पण फोकस कशावर करायचा हा निर्णय मोटरचा नाही, तो आजही फोटो काढणाऱ्याचाच आहे. एवढंच मला या पत्रात तुला पटवायचं आहे.

आता आजीचा फोटो. फार सुंदर चेहरा मिळालाय, उजेडही खिडकीतून बरोबर पडलाय. पण नथ लख्ख आणि डोळे मऊ. इथे तू मधला पॉइंट वापरलास, डोळ्यावर लॉकही केलंस असं म्हणतेस, आणि ते मला खरं वाटतं. मग काय झालं? तू ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर पूर्ण उघडली होतीस आणि आजीपासून जेमतेम मीटरभर होतीस. तुझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर इतक्या जवळून स्पष्ट दिसणारी जागा, पुढची-मागची मिळून, साधारण तीन सेंटिमीटर असते. नाकाचं टोक आणि डोळा यांत अंतरच तेवढं. लॉक केल्यावर फोटोची मांडणी बदलायला तू कॅमेरा तिरका केलास की फोकसची पातळीही त्याच्याबरोबर तिरकी झाली. त्यात आजी बोलता बोलता जराशी मागे झुकली असेल, किंवा तूच मागे कललीस. एवढ्यानेही डोळे सुटतात. इतक्या जवळून काढताना लॉक करून कॅमेरा फिरवू नकोस. डोळ्याच्या सर्वांत जवळचा पॉइंट निवड, किंवा मधलाच वापरून थोडी मोकळी चौकट घे आणि नंतर काप. अपर्चर एफ ४ केलंस तर तीच जागा दुपटीहून थोडी जास्त होते; दीड मीटरवर मागे सरकलीस तरी जवळपास तेवढाच फायदा. पार्श्वभूमी धूसर करायचा मोह मला समजतो, पण आजीच्या डोळ्यांपेक्षा ती मोठी नाही.

आणि अशा फोटोला एकावर थांबू नकोस. बोट उचल, पुन्हा फोकस कर, पुन्हा काढ. आरशाच्या कॅमेऱ्याचा फोकस उत्तम उजेडातही दर वेळी केसभर इकडेतिकडे पडतो. एफ ८ ला तो लपतो, एफ १.८ ला उघडा पडतो.

लेझीमचा फोटो या दोन्हींपेक्षा वेगळा आहे, आणि त्याचा फोकसशी काहीही संबंध नाही. मागची भिंत, भिंतीवरचं तोरण, उभी माणसं, सगळं स्वच्छ. फक्त नाचणारे हातपाय पुसल्यासारखे. फोटोची नोंद बघ: शटर स्पीड १/६०. तेवढ्या वेळात लेझीम खेळणारा हात काही सेंटिमीटर सरकतो. लेन्समधली स्टॅबिलायझेशनची सोय तुझा हात सावरते, समोरच्याचा नाही. नाचाला १/५०० ठेव, नुसत्या उभ्या गप्पा मारणाऱ्यांनाही १/२०० च्या खाली जाऊ नकोस. आयएसओ ४०० च्या वर न्यायला तू घाबरतेस, तो हट्ट सोड. ३२०० वर थोडे दाणे दिसतील, पण छापील फोटोत ते कोणाच्या लक्षात येत नाहीत. हललेला फोटो मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने मनासारखा सावरत नाही. सगळी चौकटच एका दिशेने ओढल्यासारखी दिसली तर तुझा हात हलला असं समज. कोपरं अंगाशी घे, बटणावर बोट आपटू नकोस, हळूच दाब.

बटणाचंच निघालं म्हणून सांगतो. अर्धं दाबून थांबायचं, बीप किंवा हिरवा ठिपका आला की मग उरलेलं दाबायचं. तू बऱ्याचदा एका दमात दाबतेस. शिवाय तुझा फोकसचा मोड एआय फोकस आहे. त्यात समोरचा माणूस स्थिर की हलता याचा अंदाज कॅमेराच बांधतो, आणि तो अंदाज कधीकधी चुकतो. स्थिर माणसांना वन शॉट, चालत्या-नाचत्यांना एआय सर्व्हो, असं स्वतः ठरवून ठेव. निकॉनवाल्यांकडे हेच एएफ-एस आणि एएफ-सी या नावांनी असतं. सर्व्होमध्ये एक लक्षात ठेव: तिथे फोकस पुरता झाला नसला तरी शटर पडू शकतं, त्यामुळे बीपची वाट बघू नकोस, पॉइंट माणसावर धरून ठेव.

बारीकसारीक गोष्टीही तपास. लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर काढून बघ. एसी गाडीतून उतरून दमट हवेत काढलेले पहिले काही फोटो धुरकट असतील तर ती काचेवर धरलेली वाफ आहे. कॅमेरा बॅगेतच ठेवून बाहेरच्या हवेला सरावू दे. लेन्स काढून तिचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या स्वच्छ कापडाने पूस.

हे सगळं करूनही शंका उरली तर घरी चाचणी घे. दिवसा, खिडकीपाशी. टेबलावर पाच पुस्तकं उभी कर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडं मागे सरकवत, कण्यावरची अक्षरं तुझ्याकडे. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर टेकव. स्टॅबिलायझेशन बंद, अपर्चर पूर्ण उघडं, दोन सेकंदांचा टायमर. मधल्या पुस्तकाच्या अक्षरांवर मधला पॉइंट ठेवून व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढ. प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडव आणि मग नव्याने करायला लाव. नंतर तेच लाइव्ह व्ह्यूवर. तिथे मुख्य सेन्सरच फोकस बघतो, आरसा मधे येत नाही.

व्ह्यूफाइंडरचे सगळे फोटो चौथ्या पुस्तकावर स्पष्ट आणि लाइव्ह व्ह्यूचे बरोबर मधल्यावर, असं आलं, तर मात्र तुझी शंका खरी. बॉडी आणि लेन्स यांचं जुळणं बिनसलंय. वरच्या किमतीच्या कॅमेऱ्यांत हे मेनूतून दुरुस्त करायची सोय असते, तुझ्यासारख्या बॉडीत बहुधा नसते. तेव्हा अधिकृत सर्व्हिस सेंटरला बॉडी आणि लेन्स दोन्ही दे, चाचणीचे फोटो सोबत दे, आणि दोन्ही एकत्र जुळवून द्या असं स्पष्ट सांग. कधी दुसऱ्यावर, कधी पाचव्यावर, असं विस्कळीत आलं तर लेन्सची मोटर किंवा संपर्कबिंदू यांच्याकडे संशय जातो. दुसरी लेन्स लावून तीच चाचणी कर. लाइव्ह व्ह्यूतही अक्षरं मऊच असतील तर लेन्सच्या काचा एखाद्या जाणकाराला उजेडात धरून बघायला सांग. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात काचेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

मिररलेसबद्दल विचारलंस. त्यात फोकस मुख्य सेन्सरवरच होत असल्याने आरशाच्या जुळणीची कटकट नाही, आणि नव्या बॉडी माणसाचा डोळा आपोआप शोधतात. पैसे साठले की जरूर घे. पण १/६० ला नाचणारे पाय तिथेही पुसलेच जातील, आणि चौकटीत दहा माणसं असली तर कोणाचा डोळा धरायचा हे तिथेही तूच ठरवायचं आहेस.

चाचणीचे फोटो काढलेस की मूळ फाइली आधीसारख्याच ड्राइव्हवर टाक. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे फोटो म्हणून पाठवू नकोस. आकार आक्रसतो आणि शटर स्पीड, अपर्चर यांची नोंदही गळून जाते. कुठल्या फोटोला व्ह्यूफाइंडर आणि कुठल्याला लाइव्ह व्ह्यू, हे फाइलच्या नावात लिही. ते बघून सर्व्हिस सेंटरला जायचं की नाही, हे मी तुला कळवतो.

तुझा,
मामा