अभेदाच्या आधारावर भेद

चांदूरबाजार तालुक्यातल्या माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (1881–1915) स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी म्हणवत, आणि तरीही अद्वैत सोडत नसत. ब्रह्मज्ञान झाल्यावरही भक्ती उरते, हे त्यांचं मधुराद्वैत. त्यावर आक्षेप ठरलेला आहे: भक्तीला देव आणि भक्त असे दोघं लागतात, दोघं असतील तर अद्वैत कसलं, आणि अद्वैत असेल तर भक्ती कोणी कोणाची करायची? हा आक्षेप एक गोष्ट न तपासताच धरून चालतो. एकत्व जितकं घट्ट, तितका भेदाला वाव कमी, ही ती गोष्ट. ती सर्वत्र खरी नाही, याचा पुरावा रिमोटवर पळणाऱ्या रेसिंग कारच्या बॉल डिफरन्शियलमध्ये मिळतो.

अमरावती–अकोला महामार्गाच्या सरळ पट्ट्यात गाडीची मागची दोन्ही चाकं सारखीच फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. ही तफावत डिफरन्शियल सांभाळतं. मोठ्या गाडीत त्याच्या आत दातेरी चाकं असतात. बॉल डिफमध्ये त्यांच्या जागी गिअरच्या भोकांत बसवलेल्या, बहुधा टंगस्टन कार्बाइडच्या, गोळ्या असतात आणि स्प्रिंग व स्क्रू त्यांना दोन चकत्यांमध्ये दाबून धरतात. गिअर हाताने धरून एक चाक पुढे फिरवलं की दुसरं तितकंच मागे जातं. स्क्रू सैल केला तर चाकं अधिक मोकळी होतील असं वाटतं. पण तो फार सैल झाला तर गोळ्या फिरण्याऐवजी घसरतात, चकत्यांवर चरे पडतात आणि मोटरचा जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून जाणकार चकत्या बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करतात, गोळ्यांना सिलिकॉन ग्रीस लावतात आणि स्क्रू थोडा थोडा पिळत नेतात. चाकांचं वेगवेगळं फिरणं त्यांना एकत्र धरणाऱ्या दाबावरच उभं असतं.

कोणी म्हणेल, चाकं मुळात दोनच आहेत, आणि स्क्रू फाजील आवळला तर डिफ आखडतंच. दोन्ही मान्य. दोन खऱ्या वस्तूंच्या जोडणीतून अद्वैत निघणार नाही. अद्वैती तर भक्तीतला भेद पारमार्थिक मानतच नाहीत. पण सिद्धांत सिद्ध करण्याचं काम यंत्राकडे दिलेलंच नाही. एकत्व वाढलं की भेद घटलाच पाहिजे, एवढा दावा तपासायचा होता, आणि सार्वत्रिक दावा मोडायला एक अपवाद पुरतो. मधुराद्वैत खरं की खोटं, हे शास्त्र आणि अनुभव ठरवतील. ते आत्मविसंगत आहे म्हणून निकालात काढायचं असेल, तर आक्षेपकाला दुसरं कारण शोधावं लागेल.