खरे शब्द आणि खोटी समजूत

खोटे बोलणे म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. जे घडले नाही ते घडले म्हणून सांगणे म्हणजे खोटे, असे आपण लहानपणी शिकतो आणि त्या व्याख्येवर पुढे पुष्कळ वर्षे निभावून नेतो. परंतु ज्यातील प्रत्येक शब्द खरा आहे आणि तरीही जे ऐकणाऱ्याच्या मनात चुकीची समजूत उत्पन्न करते, अशा वाक्याची गणना कशात करावी? अश्वत्थामा मेला असे धर्मराजाने द्रोणाचार्यांना सांगितले, आणि मेला तो हत्ती हे हलक्या आवाजात पुटपुटले. शब्द खरेच होते. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे महाभारत सांगते. ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत तेव्हापासून मुक्कामालाच आहे.

या जुन्या प्रश्नाकडे आमचे लक्ष पुन्हा वेधले ते एका क्षुल्लक वस्तूने. अमेरिकेतील ‘लाक्रॉय’ नावाच्या सुगंधी सोडावॉटरने. विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस या शहरी बिअर गाळणाऱ्या हाइलमन कंपनीने १९८१ साली हे पेय बाजारात आणले. त्या काळी फ्रान्सहून येणाऱ्या ‘पेरिए’ पाण्याची हिरवी बाटली अमेरिकेतील श्रीमंतांच्या मेजावर मिरवू लागली होती. ज्यांना तो डामडौल परका वाटे, अशा साध्या माणसांकरिता हे घरचे पाणी होते. नाव मात्र फ्रेंच वळणाचे घेतले. ते ला क्रॉस शहर आणि सेंट क्रॉय नदी या दोहोंवरून जुळवलेले. १९९६ साली हे पेय फ्लॉरिडातील नॅशनल बेव्हरेज या कंपनीकडे गेले. पुढे साखरेच्या पेयांविषयी लोक सावध झाले आणि त्या रंगीबेरंगी कॅनची छायाचित्रे तरुण मंडळी हौसेने एकमेकांना दाखवू लागली. त्यातील एका लोकप्रिय प्रकाराचे नाव ‘पाम्प्लमूस’. आपल्या पपनसाच्या कुळातील ग्रेपफ्रूट या फळाचे हे फ्रेंच नाव. ग्रेपफ्रूट म्हटले असते तरी पाणी तेच राहिले असते. पण पाम्प्लमूस म्हटल्याने ते थोडे दूरदेशीचे होते.

या कॅनमध्ये असते काय? वायू मिसळलेले पाणी आणि ‘नैसर्गिक स्वाद’, घटक एवढेच. साखर नाही, दुसरा गोडवा नाही आणि फळाचा रसही नाही. कॅनवर ‘नैसर्गिक अर्क’ अशा अर्थाचे शब्द असत, आणि नामनिर्दिष्ट फळापासून काढलेल्या सुगंधी तेलातून हा स्वाद येतो, असे कंपनीचे म्हणणे. यात असत्य काही दाखवता येत नाही. तथापि ‘नैसर्गिक’ आणि ‘अर्क’ हे शब्द शेजारी येताच वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाग उभी राहते, फळ पिळणारा हात उभा राहतो. तो हात कॅनवर कोठेही छापलेला नाही. तो आपणच काढून घेतो, आणि आपण तो काढून घ्यावा यासाठीच ते शब्द योजलेले असतात.

ऑक्टोबर २०१८ मध्ये इलिनॉय राज्यात या कंपनीवर फिर्याद दाखल झाली. पेयात लिमोनीन, लिनालूल इत्यादी कृत्रिम द्रव्ये आहेत, असा आरोप होता. आणि लिनालूल हे झुरळे मारण्याच्या औषधात वापरतात, हे फिर्यादीत आवर्जून नमूद केले होते. वर्तमानपत्रांनी नेमके तेवढे उचलले. सोडावॉटरात झुरळांचे विष, असा बोभाटा झाला. आता लिनालूल झुरळांवर वापरतात, हेही खरेच. पण धन्यांचा जो वास आपल्या स्वयंपाकघरांत रोज दरवळतो तो मुख्यतः लिनालूलचाच, आणि लिमोनीन संत्र्याच्या सालीत भरपूर असते. फेब्रुवारी २०२० मध्ये फिर्याद मागे घेतली गेली. ज्या तपासणीवर ती उभी होती, त्या तपासणीवरून द्रव्ये कृत्रिम की नैसर्गिक हे ठरत नाही, अशी कबुली तेव्हा देण्यात आली.

या प्रकरणात आम्हांस विशेष वाटते ते हे की, दोन्ही पक्षांनी एकच शस्त्र वापरले. एकाने ‘नैसर्गिक’ या खऱ्या शब्दाने बाग दाखवली, दुसऱ्याने ‘झुरळ’ या खऱ्या शब्दाने मोरी दाखवली. पाणी दोन्हीकडे तेच होते.

यावर कोणी म्हणेल की, ऐकणाऱ्याच्या कल्पनेची जबाबदारी बोलणाऱ्यावर किती टाकणार? हा आक्षेप योग्य आहे. ऐकणारा काहीही समजू शकतो. शिवाय साखरेवाचून गार, सुवासिक पाणी मिळाले, तर ग्राहकाचे काही बिघडले असेही म्हणता येत नाही. म्हणून समजूत चुकली एवढ्यावरून कोणास दोषी धरू नये. कसोटी वेगळी असावी. ऐकणाऱ्याची कोणती समजूत झाली आहे, हे बोलणाऱ्यास ठाऊक आहे काय? आणि ठाऊक असून ती दुरुस्त न करण्यात त्याचा लाभ आहे काय? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर शब्द कितीही खरे असोत, रथ जमिनीला टेकलाच म्हणावयाचा.

ही कसोटी अमेरिकेतील कंपनीला लावणे सोपे आहे. ती आम्ही स्वतःला लावून पाहिली, तेव्हा ती तितकी सोपी राहिली नाही. आम्ही कारकुनी पेशातील माणसे. आमचा व्यापारही खऱ्या शब्दांचाच. काही वर्षांपूर्वी एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंबनिवृत्तिवेतनाबद्दल पत्र आले. ‘आपले प्रकरण विचाराधीन आहे,’ असे उत्तर आम्ही पाठवले. वाक्य खरे होते, कारण प्रकरण निकालात निघाले नव्हते. परंतु त्याचा विचार कोणीच करीत नव्हते, हे आम्हांस ठाऊक होते. एक दाखला कमी होता. तो पाठवा, असे कळवले असते तर तो इतके दिवस का मागवला नाही, हा प्रश्न वर निघाला असता. म्हणून ‘विचाराधीन’.

आठ महिन्यांनी त्या बाई स्वतः कार्यालयात आल्या. आमचे पत्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता जपून ठेवले होते. साहेब लोक विचार करीत आहेत असे लिहिले होते, म्हणून मध्ये त्रास दिला नाही, असे त्या म्हणाल्या. त्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच आम्हांस ऐकवेना. आमच्या एका शब्दातून त्यांनी एक अख्खे कार्यालय उभे केले होते, ज्यात कोणीतरी त्यांच्या कागदावर मान खाली घालून बसले आहे. तसे कोणी तेथे नव्हते.

दाखला मागणारे पत्र आम्ही त्यांच्यासमोरच लिहून दिले. त्याला दोन ओळी पुरल्या.