उकिरड्याचे पुनर्वसन

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ अशी म्हण आपल्या भाषेत आहे. वाईट दिवस कोणाचेच कायम राहत नाहीत, एवढाच तिचा रूढ अर्थ. परंतु ही म्हण ज्यांनी घडविली त्यांच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष उकिरडा होता. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, भाजीची देठे, परसातला पाचोळा यांचा तो ढीग वर्षभर कुजत असे आणि पावसाळ्यापूर्वी गाड्या भरून शेतात जात असे. शेताने जे दिले त्यातले उरलेसुरले शेताकडेच परत जाई. उकिरडा गलिच्छ खरा. पण घराच्या हिशेबात त्याचे खाते जमेच्या बाजूस होते. महानगराच्या उकिरड्याची गोष्ट निराळी आहे. तो बारा काय, चाळीस वर्षांनीही आपण होऊन पालटत नाही. त्याची दैना फेडावयास योजना आखाव्या लागतात, निविदा काढाव्या लागतात, कोट्यवधी रुपये खर्ची घालावे लागतात. आणि हे सारे झाल्यावर फिटते ते नेमके काय? जमिनीची दैना फिटते, की तिचे आपल्यावरील ऋण फिटते? या दोन गोष्टी एक नव्हेत, असे आम्हांस वाटते. त्यांतील भेद पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही ज्या शहराचे मीठ खातो त्या चेन्नईत असे दोन उकिरडे आहेत : उत्तरेस कोडुंगैयूर आणि दक्षिणेस पेरुंगुडी. शहरात रोज पाच हजार टनांहून अधिक कचरा निघतो आणि कित्येक दशके त्यातील बहुतेक भाग या दोन ठिकाणी ओतला गेला. पेरुंगुडीचा उकिरडा दोनशे एकरांहून मोठा असून तो पळ्ळिकरणैच्या दलदलीत वसला आहे. ही दलदल एके काळी सुमारे ५० चौरस किलोमीटर पसरली होती. भोवतालच्या सुमारे २५० चौरस किलोमीटर मुलखातील तळ्यांचे पाणी तिच्यात उतरे, तेथे विसावे, मुरे आणि ओक्कियम मडुवु नावाच्या वाटेने बकिंगहॅम कालव्यास व पुढे समुद्रास मिळे. २००७ साली तिच्या ३१७ हेक्टरांस राखीव वनाचा दर्जा मिळाला. २०२२ साली सुमारे १२४८ हेक्टर क्षेत्राची नोंद रामसर करारातील जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाली. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात पेरुंगुडीच्या ढिगास आग लागली व ती काही दिवस धुमसत राहिली. सन्मानपत्र आणि धूर या जागेच्या वाट्यास एकाच वर्षी यावेत, यात आम्हांस विनोद दिसत नाही. एकाच जागेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी त्यात दिसतात.

कारण उकिरडा प्रथम जमिनीवर जन्मत नाही. तो दप्तरात जन्मतो. तमिळनाडूच्या महसुली भाषेत ‘पोरंबोक’ असा एक शब्द आहे. जिच्यावर सारा बसत नाही, जी कोणाच्या नावे नाही, अशी सामाईक जमीन म्हणजे पोरंबोक. तळी, ओढे, चराऊ राने, वाटा, दलदली ही सारी पोरंबोक. आज रस्त्यावरच्या तमिळमध्ये हाच शब्द निरुपयोगी माणसास शिवी म्हणून वापरतात. आपण मराठी माणसांनी याचे नवल करण्याचे कारण नाही. आपल्या सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ हा रकाना आहेच. जी जमीन पीक देत नाही ती खराब, असा निवाडा त्या एका शब्दाने होऊन जातो. दलदल पूर अडविते, भूजल भरते, रोहित पक्षी व पाणकोंबड्या पोसते. पण यांपैकी कोणीही सारा भरीत नाही, म्हणून रकान्यात ती शून्य. ज्या जागेस कागदावर किंमत नाही तिथे टोपली रिती करताना हात अडखळत नाही. कचऱ्याचा पहिला ट्रक पुष्कळ नंतर येतो; अवहेलना आधीच झालेली असते.

आता या उकिरड्यांची साफसफाई होत आहे. पेरुंगुडीत आणि मागाहून कोडुंगैयूरला ‘बायोमायनिंग’चे काम हाती घेण्यात आले. जुना ढीग उकरावयाचा, त्याच्या ओळी घालून तो वाळवावयाचा, जिवाणूंच्या साह्याने कुजण्याची क्रिया पुरी करावयाची, मग मोठ्या फिरत्या चाळण्यांतून तो चाळावयाचा. दगडविटा एकीकडे, बारीक माती दुसरीकडे, प्लॅस्टिक व चिंध्या तिसरीकडे. दगड भरावास जातात, माती सखल जागी पसरतात, प्लॅस्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जाळतात. मार्ग शास्त्रीय आहे आणि त्याचे गुण आम्ही नाकारीत नाही. होळकरांच्या इंदूर नगरीने २०१८च्या सुमारास देवगुराडिया येथील सुमारे १३ लाख टनांचा जुना ढीग याच रीतीने हटविला व शंभर एकर जमीन मोकळी केली. ढिगावर मातीचे पांघरूण घालून वर हिरवळ लावण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक काम आहे. कारण पांघरुणाखाली वायू निर्माण होत राहतो आणि काळे पाणी झिरपत राहते.

तरीही एक शंका उरते, आणि ती आमच्या धंद्यातली आहे. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करतो. तिथे फाइल संपविण्यास इंग्रजीत ‘डिस्पोजल’ म्हणतात आणि राजभाषेत ‘निपटान’. कचऱ्यासाठीही हेच दोन शब्द आहेत. कोणताही अनुभवी कारकून सांगेल की, निपटान झालेल्या फाइलींतील बहुसंख्य फाइली संपत नाहीत. त्या दुसऱ्या टेबलावर जातात. महिनाअखेरच्या तक्त्यात आपला आकडा शून्यावर येतो एवढेच. पेरुंगुडीची चाळलेली माती कोणत्या सखल जागी पडली? तिच्यात जड धातू किती आहेत, हे तेथील विहिरीच्या मालकास कोणी सांगितले काय? भट्टीच्या धुराड्याखाली कोणते गाव आहे? हे प्रश्न विचारल्यावाचून ‘इतके एकर मुक्त झाले’ असे म्हणणे म्हणजे आपल्या टेबलापुरता तक्ता भरणे होय. एका जागेची दैना फिटली आणि तीच तुकड्यातुकड्यांनी दहा जागांवर वाटली गेली, तर ऋण फिटले असे म्हणता येत नाही. फक्त धनको बदलले.

यावर व्यवहारी वाचक म्हणेल की, असा कीस काढीत बसल्यास कोणतेही काम पुरे होणार नाही. रोजचे पाच हजार टन तत्त्वचर्चेसाठी थांबत नाहीत, आणि ढिगाच्या कडेला राहणाऱ्या माणसास संपूर्ण न्यायापेक्षा उद्याचा स्वच्छ श्वास अधिक मोलाचा आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. अपुरे काम न केलेल्या कामापेक्षा चांगलेच. परंतु अपुऱ्या कामास पुरे म्हणणे ही वेगळी गोष्ट. पहिल्यात मर्यादा आहे, दुसऱ्यात असत्य आहे. आणि पुढचा उकिरडा या असत्यातूनच उगवतो. कोडुंगैयूरला कचरा जाळून वीज करण्याची योजना पुढे आली तेव्हा २०२५ साली तेथील रहिवासी रस्त्यावर उतरले. ढीग जाणार म्हणून आनंदावे, तर त्या जागी धुराडे येणार. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांस ही भाषा समजावून सांगावी लागणार नाही. कचरा करणारा एक आणि त्याशेजारी राहणारा दुसरा, ही वाटणी जोवर कायम आहे तोवर यंत्रे बदलून नीती बदलत नाही.

मग पुनर्वसन म्हणजे काय? हा शब्द महाराष्ट्रास धरणांनी शिकविला. ज्यांची घरे पाण्याखाली गेली त्यांना पुन्हा वसविणे, हा त्याचा अर्थ. १९७६ साली त्यासाठी कायदाही झाला. वसन म्हणजे वस्ती. तेव्हा जागेच्या पुनर्वसनाचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे की, येथे आधी कोण वसत होते? मोकळ्या झालेल्या जमिनीवर नवी वस्ती उठविणे हा सरळ वाटणारा मार्ग आहे. मुंबईत १९२७पासून कचरा झेलणाऱ्या देवनारच्या भूमीचा मोठा भाग धारावीकरांच्या घरांसाठी देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला. घर नसलेल्यास घर मिळावे, याहून निर्विवाद हेतू कोणता? परंतु ज्या जमिनीवर श्रीमंत माणूस फुकटातही राहावयास येणार नाही, ती गरिबास देताना आपण दान करतो, की आपला कचरा पुन्हा एकदा त्याच्या दारात लोटतो, हे तपासून पाहणे भाग आहे. न्यूयॉर्कच्या फ्रेश किल्स येथील विशाल कचराभूमी २००१ साली बंद झाली. तिचे उद्यान करण्याचे काम त्यानंतर दशकानुदशके चालले. धीर धरणे हाही पुनर्वसनाचा एक भाग आहे.

पेरुंगुडीपुरते बोलावयाचे तर तेथील मूळ रहिवासी म्हणजे पाणी. त्यास कोणी नोटीस दिली नाही, मोबदला दिला नाही, आणि ते विस्थापितही झाले नाही. २०१५च्या डिसेंबरात आणि २०२३च्या मिचाँग चक्रीवादळात ते वेळच्चेरी-पळ्ळिकरणैच्या घराघरांत येऊन उभे राहिले. म्हणून या जागेचे खरे पुनर्वसन म्हणजे तिच्यावर काही बांधणे नव्हे, तर तिला पुन्हा सखल होऊ देणे. ज्या दप्तराने तिला शून्य लिहिले त्याच दप्तरात ‘येथे पाणी राहते’ अशी नोंद होणे, हे आम्हांस कोणत्याही उद्यानापेक्षा मोठे वाटते.

दुसरा हक्कदार माणूस आहे. उकिरड्यावर काच, कागद, पत्रा वेचून पोट भरणारे स्त्रीपुरुष ढिगाबरोबरच यादीतून पुसले जातात. जागा स्वच्छ झाली, ते मात्र बेकार झाले. वास्तविक शहराचा कचरा वेगळा करण्याचे काम यंत्राच्या कितीतरी आधीपासून त्यांनीच केले. पुण्यात १९९३ साली ‘कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. ही माणसे ढिगावरून घराच्या दारापर्यंत आली. कचरा ढीग होण्याआधीच वेगळा करू लागली. कोणत्याही योजनेत त्यांचे नाव लाभार्थी म्हणून नव्हे, जाणकार म्हणून आले पाहिजे.

आणि शेवटचा प्रश्न आपल्या हातांचा. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धन यांनी एक विलक्षण मागणी केली : मला भंगीकाम करू द्या. ती नाकारल्यावर त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास धरला. लोक सुटकेसाठी झगडतात. हा मनुष्य घाण उपसण्याच्या अधिकारासाठी झगडला. कारण त्यांनी ओळखले होते की, घाण एकाने करावी आणि दुसऱ्याने काढावी या व्यवस्थेतच मूळ घाण आहे. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडीत तेही उगाच नव्हे.

या कसोटीस आपली योजना लावून पाहिली तर तिची उणीव कळते. आपण पैसे देऊन उकिरडा हटवितो. मात्र स्वयंपाकघरात ओला व सुका कचरा एकाच पिशवीत कोंबतो. म्हणजे एका टोकास चाळणी फिरते आणि दुसऱ्या टोकास तिच्यासाठी नवा ढीग रचला जातो. योजना वाईट म्हणून नव्हे, तर ती अर्धीच आपल्या वाट्याची आहे म्हणून ती अपुरी. आम्ही या शहरात बाहेरून आलो. येथील भाषा आम्हांस अडखळत येते. पण पेरुंगुडीच्या ढिगात आमच्या पोह्यांच्या रिकाम्या पिशव्या आहेत आणि तेथे परप्रांतीय म्हणून त्या वेगळ्या ठेवलेल्या नाहीत. जिथे आपला कचरा पडतो ती जागा परकी राहत नाही. तिच्या दैनेचा काही अंश आपल्या नावे लिहिलेला आहे, आणि तो फेडावयास बारा वर्षांची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्या सकाळी दोन डबे वेगळे ठेवण्यापासून आरंभ करता येईल.