बुजवलेला चर

कृष्णाकाठच्या एका गावात दोघा भावांची वाटणी झाली. सहा एकर काळं रान, तीन-तीन एकर वाट्याला आलं. थोरल्याचा तुकडा खाली ओढ्याला लागून, धाकट्याचा वर. वडिलांनी खणलेला चर वरच्या रानातून निघून खालच्या रानातून ओढ्याला मिळायचा. बांधावरच्या आंब्यावरून शब्दाला शब्द लागला आणि थोरल्याने आपल्या हद्दीतला चर बुजवून तिथे ऊस लावला.

धाकट्याला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याला रानात पाणी द्यायचं होतं, काढायचं कशाला? रात्रीची वीज आली की मोटर चालू, सऱ्या तुडुंब, वर युरियाची पोती. पहिली दोन वर्षं ऊस असा माजला की लोक रस्त्यावर थांबून बघायचे. वाफसा बघून पाणी देणाऱ्या थोरल्याचा ऊस त्यापुढे बेताचाच.

तिसऱ्या वर्षी वरंब्यांवर पांढरा थर फुटला. भूजल वर चढत होतं, ऊन ते उडवून नेत होतं आणि त्यातले क्षार मातीतच राहत होते. पानं शेंड्याकडून करपू लागली. ऊस तहानलाय असं समजून धाकट्याने पाण्याची पाळी आणखी लवकर धरली.

शेवटी आई रानात आली. तिने उसाचं एक बेट उपटलं. मुळं काळी पडलेली, कुजका वास सुटलेला. मग ती बांध ओलांडून खाली गेली आणि तिथलं एक बेट काढून आणलं. त्याची मुळं पांढरी होती आणि केसांसारख्या तंतूंना मातीचे कण घट्ट चिकटले होते. मुळंही श्वास घेतात. मातीच्या पोकळ्यांतल्या हवेतून ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. पोकळ्यांत पाणी भरलं की हे देणंघेणं जवळजवळ थांबतं, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10,000 पट मंद सरकतो.

"पण पाणी तर मुळापाशीच आहे की, आई!"

आई काही बोलली नाही. दुपारी तिने त्याच्यापुढे काकडीची कोशिंबीर केली. चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं. थोड्या वेळाने फोडी लुळ्या पडल्या, ताटलीत पाणी साचलं.

"मीठ बाहेर असलं की पाणी बाहेर येतं. तुझ्या मुळांचंही तेच झालंय. पाण्यात उभा राहून ऊस तहानेनं मेला, बाळा."

माती तपासून आणली. क्षारतेचा आकडा 4 च्या वर गेला की जमीन क्षारयुक्त धरतात. इथे तो 7 होता. उपाय एकच, गोड पाण्याने आणि पावसाने क्षार खाली धुवायचे आणि ते पाणी रानाबाहेर काढायचं. बाहेरची वाट मात्र थोरल्याच्या रानातून जात होती.

धाकटा संध्याकाळी त्याच्या दारात गेला. "दादा, चर उघडून देशील?"

थोरला त्याला घेऊन बांधाकडे चालू लागला. त्याच्या रानाच्या वरच्या कडेलाही चार सऱ्या पांढऱ्या झाल्या होत्या. वरचं पाणी बांधाखालून झिरपत आलं होतं, हे त्याला वर्षभरापासून ठाऊक होतं. बोलायला तोंड नव्हतं.

दोघांनी मिळून चर खणला. पुढे दोन्ही रानांत सच्छिद्र पाइप पुरले, त्यांचं तोंड ओढ्याला काढलं. वरच्या रानात हिरवळीच्या खतासाठी ढैंचा पेरून तो फुलोऱ्यावर येताच गाडला. पहिल्या पावसाळ्यात ओढ्याला लागलेलं पाणी जिभेला खारट लागत होतं. उसाची मुळं पुन्हा पांढरी दिसायला तीन पावसाळे जावे लागले.

सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसपट्ट्यात अशी क्षारपड रानं आजही हजारो एकर आहेत. तुमच्या बांधावर जुना चर बुजलेला असेल तर शेजाऱ्याला हाक मारा आणि या पावसाआधी तो मोकळा करून घ्या.