आमिष आणि भाकर

सुवार्तेचे काम करणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा बोचतो असा एक शब्द आहे : आमिष. फोपनार, बुऱ्हाणपूर या आपल्या भागाला, म्हणजे मध्य प्रदेशाला, तो विशेष परिचयाचा आहे. १९५६ साली नियोगी समितीच्या अहवालाने मिशनांवर केलेल्या आरोपांत हा एक होता. राज्याच्या १९६८ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याने बळजबरी व फसवणूक यांच्या जोडीला प्रलोभनही गुन्हा ठरवले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध मानला. पुढे २०२१ साली त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. या कायद्यांविषयी मतभेद असतील. पण त्या शब्दाला आपण प्रामाणिकपणे उत्तर दिले पाहिजे. भुकेल्याला भाकर देणे हे आमिष आहे काय?

शब्द मासे धरणाऱ्यांचा आहे, म्हणून आधी त्यांचे काम पाहू. ज्या मासेदोनियात पौलाने सुवार्ता नेली, तेथील लोक तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे गळाला बांधून नकली माशी बनवीत आणि तिने मासे धरीत, असे इलियन या रोमी लेखकाने सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. युरोपातील तळ्यांत पर्च नावाचा पट्टेदार मासा आजही पिसांच्या अशाच नकली भक्ष्याने धरतात. त्यात खाण्याजोगे काहीच नसते. असतो तो केवळ खाद्याचा भास, आणि आत लपवलेला आकडा.

आपल्या तळ्यांतील मरळीचे उदाहरण तर अधिक विचार करायला लावणारे आहे. मरळीची जोडी आपल्या पिलांची राखण करते. तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसला की आईबाप खाली जवळच असतात. त्या थव्यावर नकली बेडूक टाकला की पिलांना वाचवण्यासाठी मरळ त्यावर झडप घालते आणि गळाला लागते. येथे तिला भूक नव्हे, ममता घात करते. मग राखण करणारे कोणी नसलेली पिले इतर माशांचे भक्ष्य होतात.

मासे धरणे पाप नाही. प्रभूने स्वतः पेत्राला गळ टाकायला सांगितले (मत्तय १७:२७). पण माणसांविषयी पवित्र शास्त्र काय म्हणते? हबक्कूकच्या पहिल्या अध्यायात माणसांना माशांसारखे गळाने ओढणारा आहे तो जुलमी खास्दी. याकोब १:१४ मध्ये वासनेने भुलवले जाण्यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो आमिष दाखवणे या अर्थाचाच आहे. म्हणजे माणसाला आमिष दाखवणे हे मोहाचे काम आहे, प्रभूचे नव्हे. पेत्राला माणसे धरण्याचे पाचारण झाले तेव्हा (लूक ५:१०) वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जिवंत धरणे’ असा आहे. गळाने धरलेला मासा धरणाऱ्याच्या ताटात जातो. प्रभूने धरलेल्या माणसाला जीवन मिळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमिषातला दोष खाद्यात नाही, लपवलेल्या गळात आहे. प्रभूने पाच हजारांना जेवू घातले. ते त्याला राजा करू पाहत होते, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला (योहान ६:१५). जेवू घालून त्याने कोणाला बांधून घेतले नाही. उलट शिष्य होऊ पाहणाऱ्यांना त्याने आधी खर्चाचा हिशेब करायला सांगितले (लूक १४:२८). आपल्या मागे येण्यात वधस्तंभ आहे हे त्याने लपवले नाही, उघड सांगितले.

म्हणून आपल्या दानाची परीक्षा सोपी आहे. समोरच्याने आपले म्हणणे नाकारले तरी आपण भाकर देऊ काय? औषध घेऊन तो पुन्हा कधीच उपासनेला आला नाही, तर आपल्याला राग येईल काय? राग आला तर दोरीचे टोक आपल्या हातात होते असे समजावे. आणि कोणाच्या मुलाबाळांविषयीच्या काळजीचा उपयोग करून त्याला मंडळीत ओढणे म्हणजे मरळीच्या पिलांवर नकली बेडूक टाकणेच होय.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीही हे मनावर घ्यावे. हजेरीसाठी खाऊ वाटावा की नाही, असे पुष्कळ जण विचारतात. खाऊ जरूर वाटावा. मुलांना आनंद देणे प्रीतीचेच आहे. पण पाठांतर न आलेल्या आणि शेजाऱ्याबरोबर सहज आलेल्या मुलालाही तोच खाऊ, त्याच हसतमुखाने द्यावा. आणि खाऊ संपलेल्या रविवारीही मुलांनी यावे असे वाटत असेल, तर पाठाची तयारी शनिवारी रात्री करून यावे.

बंधुभगिनींनो, आमिषाचा आरोप न्यायालयात खोटा ठरवता येईल, तरी ज्याला आपण भाकर दिली त्याला खरे ते ठाऊक असते, आणि देवालाही. आपला हात देताना उघडा असावा, आणि दिल्यानंतरही उघडाच राहावा.